कामगारावर चोरीचा संशय आला तर? आधी मोजणी, मग विचारणा, मग तक्रार. हात उचलला तर मालकच आरोपी

कर्जत / खालापूर : फार्महाऊसवरची पाण्याची मोटर गायब होते. पोल्ट्रीत खाद्याच्या दोन गोण्या कमी भरतात. हॉटेलच्या गल्ल्यात रात्री हिशोब जुळत नाही. जेसीबीच्या टाकीतलं डिझेल एका रात्रीत खाली जातं. अशा वेळी मालकाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "कामावर कोण होतं?" आणि दुसऱ्याच मिनिटाला कोणाचं तरी नाव घेतलं जातं.

पुढचं सगळं त्या पहिल्या दोन-चार तासांवर ठरतं. त्या वेळेत मालक शांत राहिला तर माल सापडण्याची शक्यता राहते, आणि खरा चोर कोर्टात टिकेल अशा पुराव्यासह पकडता येतो. मालकाने चार जण जमवून कामगाराला खोलीत कोंडलं, दोन थोबाडीत दिल्या, तर मूळ चोरी बाजूला राहते. कागदावर मालकाचा गुन्हा पक्का होतो आणि चोरीचा पुरावा कच्चा राहतो.

हा विषय आपल्या दोन्ही तालुक्यांत घरोघरीचा आहे. कर्जत, नेरळ, कशेळे, कडाव बाजूला फार्महाऊस आणि रिसॉर्ट वाढले. खोपोली, सावरोली, पाताळगंगा पट्ट्यात कारखाने आणि गोदामं आहेत. शिवाय वीटभट्ट्या, पोल्ट्री, भात गिरण्या, किराणा दुकानं आहेतच. पुष्कळ ठिकाणी मालक मुंबईला किंवा पुण्याला, माल इथे, आणि चावी गावातल्या माणसाकडे. मालकाचा माल जातो तेव्हा गावातल्या त्या माणसाचं नावही पणाला लागतं. म्हणून मालक आणि कामगार दोघांनीही हे नियम माहीत करून घ्यायला हवेत.

माल खरंच चोरीला गेला आहे का?

सर्वात आधी मोजणी. "कमी वाटतंय" आणि "कमी आहे" यात फरक आहे.

भाताचं उदाहरण घ्या. कापणीनंतर १८ टक्के ओलावा असलेलं १०० क्विंटल भात गोदामात ठेवलं आणि ते वाळून १४ टक्क्यांवर आलं, तर वजन सुमारे ९५.३ क्विंटल भरतं. म्हणजे साडेचार क्विंटलहून जास्त वजन नुसतं पाणी उडाल्याने कमी होतं. त्यात उंदीर-घुशी आणि सांडलवंड वेगळी. ओलाव्याची नोंदच ठेवली नसेल तर हा सगळा फरक गोदामाच्या हमालावर फोडला जातो.

गल्ल्याचंही तसंच. गिऱ्हाइकाने ऑनलाइन पैसे दिले, ते बँकेत गेले, आणि हिशोब रोखीत धरला. उधारी वहीत लिहायची राहिली. मालकाने स्वतःच दुपारी पेट्रोलला पाचशे काढले आणि विसरला. घरातल्या पोराने काढले आणि सांगितलंच नाही. हे सगळं तपासून झाल्यावर उरतो तो खरा फरक.

मोजताना चार गोष्टी कराव्यात.

पहिली, मोजणी दोन माणसांसमोर करावी. त्यातला एक तरी मालकाच्या घरचा नसावा. मोजलेलं कागदावर लिहून तारीख-वेळ टाकून सह्या घ्याव्यात.

दुसरी, माल आला तेव्हाचं चलन किंवा बिल काढावं. गाडीतूनच दोन गोण्या कमी उतरल्या असतील तर कामगाराचा संबंधच येत नाही.

तिसरी, चावी किती जणांकडे आहे याची यादी करावी. वॉचमन, माळी, जुना केअरटेकर, इलेक्ट्रिशियन, नातेवाईक, सगळे त्यात यावेत. यादी केली की बहुतेक मालकांनाच कळतं की आपण एका माणसाकडे बोट दाखवत होतो, पण आत जायची सोय पाच जणांना होती.

चौथी, सीसीटीव्ही असेल तर रेकॉर्डिंग त्याच दिवशी काढून ठेवावं. डीव्हीआरमध्ये जागा संपली की जुन्यावर नवीन चढतं. मोबाईलने स्क्रीनचा व्हिडिओ काढून भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. म्हणून मूळ डीव्हीआर जपावा आणि पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे प्रत द्यावी.

क्यूआर कोडचीही खात्री करून घ्यावी. दुकानातल्या कोडवर दुसराच कोड चिकटवला तर पैसे भलत्याच खात्यात जातात. स्वतःच्या मोबाईलवरून एक रुपया पाठवून खातेदाराचं नाव बघितलं की लगेच समजतं.

विचारायचं कसं

मोजणी झाली, फरक खरा निघाला, तर संबंधित माणसाला विचारणं चुकीचं नाही. विचारण्याची पद्धत महत्त्वाची.

विचारणा कामाच्या वेळेत, दिवसाउजेडी, एका शांत जागी करावी. दार बंद करून कडी लावू नये. दोन्ही बाजूंना मान्य असलेला एखादा माणूस सोबत असावा. कामगार बाई असेल तर दुसरी बाई हजर असलीच पाहिजे. इतर कामगारांसमोर किंवा गावच्या नाक्यावर हा विषय काढू नये.

प्रश्न आरोपाचे नसावेत, माहितीचे असावेत. "तूच नेलंस ना?" असं विचारलं की समोरचा गप्प बसतो किंवा भांडायला उठतो. "भाऊ, सोमवारी गाडी खाली झाली तेव्हा गोण्या कोणी मोजल्या? रात्री कुलूप कोणी लावलं? मधे कोणी आलं होतं का?" असं विचारलं की तो बोलतो. पुष्कळदा त्यातूनच धागा मिळतो. समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून, वाचून दाखवून, पटलं तरच सही घ्यावी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा घेऊ नये. तो कागद मालकाच्याच अंगाशी येतो.

या गोष्टी करू नका

देशात १ जुलै २०२४ पासून जुन्या भादंविच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात आणि इतर कायद्यांत मालकाने लक्षात ठेवावं असं बरंच आहे.

मारहाण : चोरी कबूल करून घ्यायला किंवा माल परत मिळवायला कोणाला इजा केली, तर कलम १२० प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इजा गंभीर असेल तर दहा वर्षांपर्यंत. नोकराने मालकाकडे केलेल्या चोरीलाही जास्तीत जास्त सात वर्षंच आहेत. म्हणजे कायद्याच्या तराजूत दोघं एकाच पारड्यात येतात.

कोंडून ठेवणं : कबुलीसाठी खोलीत डांबलं तर कलम १२७ (८) प्रमाणे तीन वर्षांपर्यंत शिक्षा. "आम्ही फक्त बसवून ठेवलं होतं" हा बचाव नाही.

दमदाटीची कबुली : मालकाने धमकी देऊन किंवा "कबूल कर, काही करणार नाही" असं आमिष दाखवून घेतलेली कबुली साक्ष्य अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे कोर्टात चालत नाही. पोलिसांसमोर दिलेली कबुलीही कलम २३ प्रमाणे आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. मग मोबाईलवर काढलेल्या त्या "कबुली व्हिडिओ"चं काय? त्यातून चोरी सिद्ध होत नाही. मारहाण आणि डांबणं मात्र दिसतं.

घराची झडती : कामगाराच्या घरात किंवा वाडीवर घुसून पेट्या उघडायचा मालकाला हक्क नाही. ते काम पोलिसांचं, पंचांसमोर करायचं. कारखान्याच्या गेटवरची तपासणी वेगळी. ती सर्वांची सारखी असावी आणि बायकांची तपासणी बाईनेच करावी.

व्हॉट्सॲप स्टेटस : "या चोरापासून सावध" म्हणून फोटो टाकणं ही बदनामी आहे. कलम ३५६ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. पोलिसांकडे प्रामाणिकपणे दिलेली तक्रार मात्र बदनामी ठरत नाही. म्हणून नाव लिहायचं ते तक्रार अर्जात लिहावं, ग्रुपवर नाही.

पगार अडकवणं : नुकसान भरून काढायला महिन्याचा पगारच दाबून ठेवायचा, हे सर्रास चालतं. कारखाना, दुकान, हॉटेल अशा आस्थापनेत वेतनाच्या कायद्याप्रमाणे कपात करायची तर तो माल त्या माणसाच्या ताब्यात सोपवलेला असावा लागतो, नुकसान त्याच्या हयगयीने किंवा चुकीने झालेलं असावं लागतं, आणि कपातीआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. कामावरून काढलं तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. आधार कार्ड, पासबुक, एटीएम कार्ड काढून घेणं तर अजिबात चालत नाही.

भगताकडे जाणं : मंतरलेले तांदूळ चावायला देणं, नारळ फिरवणं, भगताने नाव सांगणं, हे अजून होतं. ज्याचं तोंड भीतीने कोरडं पडलं त्याला तांदूळ चावता येत नाहीत. भीती निर्दोष माणसालाही वाटते. अशा "पुराव्या"वरून कोणाला मारलं किंवा गावासमोर उभं केलं तर जबाबदारी तसं करणाऱ्यांवर येते.

संशय वाडीकडेच का वळतो?

आपल्या भागात शेतावर, वीटभट्टीवर, फार्महाऊसवर कातकरी आणि ठाकर समाजाची माणसं मोठ्या संख्येने राबतात. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. काही हरवलं की पुष्कळदा पहिलं बोट वाडीकडेच जातं. कारण एवढंच की तिथला माणूस गरीब आहे आणि उलटून बोलणार नाही.

ही सवय जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून देशातल्या अनेक जमातींवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारला. तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये रद्द झाला, पण जमात बघून संशय घ्यायची खोड गेली नाही.

आजचा कायदा या बाबतीत कडक आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९ प्रमाणे लोकांसमोर जाणूनबुजून अपमान करणं आणि खोटी फौजदारी केस टाकणं हे गुन्हे आहेत. पोलिसांना मुद्दाम खोटी माहिती देऊन त्रास देणंही त्यात येतं. या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला तर अटकपूर्व जामिनाचा मार्ग साधारणपणे बंद असतो. याचा अर्थ आदिवासी कामगाराविरुद्ध खरी तक्रार करता येत नाही असा नाही. पुराव्यासह, जातीचा उल्लेख न करता, प्रामाणिक तक्रार कोणाविरुद्धही करता येते.

रंगेहाथ सापडला तर

डोळ्यांसमोर चोरी करताना कोणी सापडला, तर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यात सामान्य माणसालाही त्याला धरता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये ही तरतूद आहे. पण विनाकारण उशीर न लावता, आणि उशिरात उशिरा सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. रात्रभर झाडाला बांधून सकाळी पोलीस बोलवायचे, हे या कलमात बसत नाही. ११२ ला फोन करावा, वेळ लिहून ठेवावी, माल हलवू नये, आणि जमलेल्या लोकांना आवरावं.

तक्रार देताना

कर्जत, नेरळ, खालापूर, खोपोली, रसायनी यांपैकी ज्या पोलीस ठाण्याची हद्द आहे तिथे जावं. हद्दीचा घोळ असला तरी कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते, नंतर ती योग्य ठाण्याकडे जाते. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते, ती मागून घ्यावी.

अर्जात काय असावं? काय गेलं, किती, अंदाजे किंमत किती, शेवटचं कधी पाहिलं, कमी असल्याचं कधी कळलं, चावी कोणाकोणाकडे होती. सोबत बिल, मोजणीचा कागद, मोटरचा किंवा मशीनचा नंबर, फोटो. संशयिताचं नाव लिहायचं असेल तर "याने चोरी केली" असं ठाम लिहू नये. डोळ्यांनी पाहिलं नसेल तर "अमुक कारणामुळे संशय आहे" असंच लिहावं. खोटी माहिती देणं हाही गुन्हा आहे.

कलम कोणतं लागतं याची थोडी माहिती असावी. नोकराने मालकाच्या ताब्यातला माल चोरला तर न्याय संहितेचं कलम ३०६, शिक्षा सात वर्षांपर्यंत. नोकराच्या हाती विश्वासाने सोपवलेले पैसे किंवा माल त्याने स्वतःसाठी वापरला तर तो अपहार, कलम ३१६ (४), इथेही सात वर्षांपर्यंत. साध्या चोरीला कलम ३०३ (२), तीन वर्षांपर्यंत. साध्या चोरीत माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल तर गुन्हा अदखलपात्र धरला जातो. अशा केसमध्ये पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा किंमत परत केली तर त्याला समाजसेवेची शिक्षा असते. कोणतं कलम लावायचं ते पोलीस ठरवतात. मालकाने फक्त खरी हकीकत सांगायची.

दखलपात्र गुन्हा असून ठाण्यात नोंद घेतली नाही, तर अलिबागला जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवता येतो. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेट कोर्ट आहे. अर्जाची पोच प्रत्येक वेळी घ्यावी.

एफआयआर झाला म्हणजे लगेच अटक होतेच असंही नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस आधी हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात. त्यामुळे "पैसे खाल्ले म्हणून सोडला" असा गैरसमज लगेच करून घेऊ नये.

कारखान्यात आणि मोठ्या हॉटेलात : खात्याची चौकशी

जिथे कामगारांचा कायदा लागू आहे तिथे "उद्यापासून येऊ नकोस" एवढं सांगून भागत नाही. चोरी हे गैरवर्तन आहे, त्यासाठी काढता येतं, पण आधी चौकशी करावी लागते. आरोप लेखी द्यायचा, उत्तराला वेळ द्यायचा, चौकशी करणारा माणूस तक्रारदार नसावा, साक्षीदारांना प्रश्न विचारायची संधी कामगाराला मिळावी, आणि शेवटी लेखी निकाल द्यायचा.

चौकशी चालू असताना कामगाराला निलंबित ठेवलं तर त्याला निर्वाह भत्ता द्यावा लागतो. स्थायी आदेशांचे नियम लागू असलेल्या ठिकाणी पहिल्या ९० दिवसांसाठी पगाराच्या निम्मा, आणि कामगाराच्या चुकीशिवाय चौकशी लांबली तर त्यानंतर ७५ टक्के. जुन्या स्थायी आदेश कायद्यात आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही हे दर आहेत.

हा भत्ता किती महत्त्वाचा आहे ते कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका प्रकरणातून कळतं. १९८५ मध्ये भारत गोल्ड माइन्सच्या एका सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरावर छापा पडला. साडेचार ग्रॅम सोन्याची गोळी आणि सोनं असलेली १२७६ ग्रॅम माती सापडली असं सांगण्यात आलं. त्याला निलंबित केलं. भत्ता दिला नाही, त्यामुळे केरळहून कोलारला चौकशीला यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. चौकशी त्याच्या गैरहजेरीतच उरकली आणि नोकरी गेली. पुढे फौजदारी कोर्टात छापा आणि जप्तीच सिद्ध झाली नाही, तो निर्दोष सुटला. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये त्याला मागच्या पगारासह कामावर घ्यायला लावलं. मधे चौदा वर्षं गेली.

याची दुसरी बाजूही आहे. खात्याच्या चौकशीत कोर्टाइतका कडक पुरावा लागत नाही. हरियाणा रोडवेजच्या एका कंडक्टरच्या गाडीत तपासणीत पैसे देऊनही तिकीट न मिळालेले ११ प्रवासी सापडले होते. प्रवाशांचे जबाब घेतले नाहीत म्हणून चौकशी चुकीची, असं त्याचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ते मानलं नाही. चौकशीत विश्वास ठेवण्याजोगा काही पुरावा असला तर पुरे, असं न्यायालयाचं मत पडलं. म्हणजे मालकाने नीट चौकशी केली तर कायदा त्याच्या बाजूनेही उभा राहतो.

आपल्या एसटीचं प्रकरण तर अलीकडचं आहे. प्रवाशांच्या भाड्याचे पैसे खाल्ल्याबद्दल काढलेल्या कंडक्टरांची सगळी ग्रॅच्युइटी महामंडळाने जप्त केली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नैतिक अधःपतनाच्या कारणावरून ग्रॅच्युइटी रोखायला फौजदारी कोर्टात शिक्षा झालेलीच असावी असं नाही. पण रक्कम लहान होती हे बघून कंडक्टरांची जप्ती २५ टक्क्यांवर आणली. चूक केली तरी शिक्षा चुकीच्या मापाची असावी, हा धडा दुकानदारापासून कंपनीपर्यंत सगळ्यांना लागू आहे.

संशय आपल्यावर आला तर

हा भाग कामगारांसाठी.

घाबरून पळून जाऊ नये. पळालेल्या माणसावरचा संशय घट्ट होतो. रागाने कामावर भांडणही करू नये.

ज्या दिवशी विषय निघाला त्या दिवसाची तारीख, वेळ, कोण काय बोललं, हे घरी लिहून ठेवावं. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्यावं. त्या दिवशी आपण कुठे होतो ते सांगू शकेल अशा माणसाचं नाव आठवून ठेवावं.

न वाचलेल्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. "सही कर म्हणजे प्रकरण मिटेल" असं सांगितलं तरी नाही. मुकादमाने मध्यस्थी केली तरी कागद आधी दुसऱ्याकडून वाचून घ्यावा.

मारहाण झाली तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणी करून घ्यावी आणि कागद जपावा. कोंडून ठेवलं तर घरच्यांनी ११२ ला फोन करावा.

पोलिसांनी बोलावलं तर जावं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कोणी करू शकत नाही, हा घटनेच्या अनुच्छेद २० ने दिलेला हक्क आहे. अटक झालीच तर वकील करायचा हक्क आहे आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी, खास परिस्थिती सोडून, अटक करता येत नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडायचं कारण नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

आणि चूक खरंच झाली असेल तर? वकिलाच्या सल्ल्याने माल परत करून कोर्टाच्या परवानगीने तडजोड करायचा मार्ग या प्रकारच्या गुन्ह्यांत असतो. तो दमदाटीने लिहून घेतलेल्या कागदापेक्षा दोन्ही बाजूंना बरा.

पुढच्या वेळेसाठी

चोरीचा संशय वाढतो तो हिशोब नसलेल्या जागी. माल आत येताना आणि बाहेर जाताना एकाच वहीत नोंद, दोघांची सही. चावी कोणाला दिली त्याची तारीख. केअरटेकर बदलला की कुलूप बदलायचं. गल्ला रोज रात्री मोजायचा, महिन्याने नाही. जेसीबी-ट्रॅक्टरचे तास आणि डिझेलचे लिटर शेजारी शेजारी लिहायचे. फार्महाऊसवर भांडी, गॅस सिलिंडर, मोटर, पंखे यांची यादी करून एक प्रत केअरटेकरलाच द्यायची. या वहीला खर्च शंभर रुपयांच्या आत येतो.

वहीचा फायदा फक्त मालकाला होतो असं नाही. नोंद नीट असेल तर प्रामाणिक कामगाराला "माझ्या पाळीत माल पुरा होता" एवढं दाखवून मोकळं होता येतं. गेलेली मोटर नवीन आणता येते. गावात एकदा चोर म्हणून पडलेलं नाव पुसायला मात्र वर्षं जातात, आणि तोवर त्या घरातल्या पोरांनाही कोणी कामाला ठेवत नाही. म्हणून नाव घ्यायच्या आधी एकदा मोजावं, आणि मोजलेलं लिहून ठेवावं.